दोन विद्यार्थ्यांना परदेशातील नेत्ररोग परिषदेला पाठवताना

ऑक्टोबर 2024 मध्ये युरोपात भरलेल्या, डोळ्यांच्या आजारांवरील एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी माझ्या दोन संशोधक विद्यार्थ्यांची निवड झाली होती. त्यांपैकी एक जाऊन आली आणि एकाला जाता आले नाही. मी जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि पीएच.डी.चे मार्गदर्शन करते. मी स्वतः कधी परदेशी गेलेले नाही, आमच्या विभागातूनही कोणी गेलेले नव्हते, त्यामुळे या कामात विचारावे तरी कोणाला, हाच पहिला प्रश्न होता. वर्षभर मी एका वहीत तारखा, खर्च आणि चुका लिहून ठेवल्या. खानदेशातील किंवा अशाच आडबाजूच्या गावातील एखाद्या मार्गदर्शकावर अशी वेळ आली तर त्याला थोडा आधार व्हावा, म्हणून ती वही समोर ठेवून हे लिहीत आहे.

विद्यार्थ्यांची नावे लिहिण्याचे कारण नाही. विभागात आम्ही त्यांना त्यांच्या गावांवरूनच ओळखतो, एक पारोळ्याची आणि एक शहाद्याचा. पारोळ्याचीचे सासर अमळनेरला आहे आणि तिला राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळालेली संशोधन पाठ्यवृत्ती होती. शहाद्याचा तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मागे आहे आणि त्याला त्या वेळी कोणतीही पाठ्यवृत्ती नव्हती. हा फरक पुढे किती महाग पडणार आहे याची मला सुरुवातीला मुळीच कल्पना नव्हती.

दोघांचे काम एकाच आजारावर आहे. कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागते, ज्वारी कापताना वाळलेले पान डोळ्यावर घासून जाते, आणि त्या बारीकशा जखमेतून बुरशी बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात शिरते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर तिथे पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडले असे म्हणतात. जगभरात दर वर्षी 10 लाखांहून अधिक लोकांना हा बुरशीजन्य व्रण होतो असा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे, आणि त्यांत शेतात राबणारी माणसे मोठ्या संख्येने आहेत. भारतात 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 50 वर्षांखालील लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू नव्हे, तर बुबुळावरील अपारदर्शकता असे आढळले होते. पारोळ्याची एका नेत्ररुग्णालयातून आलेल्या नमुन्यांतील बुरशींची ओळख पटवते आणि त्या कोणत्या औषधाला दाद देतात ते तपासते. शहाद्याचा गावोगाव जाऊन एकच गोष्ट विचारतो, ती म्हणजे डोळ्याला काडी लागल्यावर पहिल्या दोन दिवसांत तुम्ही काय केले.

परिषदेसाठी आपल्या संशोधनाचा सारांश पाठवण्याची शेवटची तारीख 28 फेब्रुवारी होती आणि मर्यादा 250 शब्दांची. डिसेंबर 2023 मध्ये आम्ही तयारीला लागलो. (प्रत्येक परिषदेचे वेळापत्रक वेगळे असते. अमेरिकेतील आर्वो या डोळ्यांवरील संशोधनाच्या मोठ्या संस्थेची वार्षिक परिषद साधारण मे महिन्याच्या सुमारास भरते आणि तिचे सारांश त्याच्या आधीच्या डिसेंबरातच घेतले जातात. म्हणजे परिषदेचा विचार वर्षभर आधी सुरू करावा लागतो.) दोघांचीही इंग्रजीतील पहिली मांडणी इतकी जड झाली होती की वाचून काही हाती लागेना. म्हणून मी त्यांना आधी मराठीत लिहून आणायला सांगितले. शहाद्याच्याने लिहिलेले पहिले वाक्य असे होते: "शेतात डोळ्याला काडी लागली की माणूस आधी कोणाकडे जातो?" आम्ही तेच वाक्य इंग्रजीत नेले आणि बाकीचा सारांश त्याच्याभोवती आपोआप बसत गेला.

इथे दोन गोष्टी सांगून ठेवते. अर्जात आचारसमितीच्या, म्हणजे माणसांवरील संशोधन नीतीला धरून आहे ना हे पाहणाऱ्या समितीच्या, मंजुरीचा क्रमांक आणि तारीख विचारतात. रुग्णांशी किंवा गावकऱ्यांशी संबंधित कोणत्याही कामाला ही मंजुरी काम सुरू होण्यापूर्वीच घेतलेली असावी लागते, मागाहून मिळत नाही. आमच्या महाविद्यालयात अशी समिती नसल्यामुळे आम्ही ती 2022 मध्येच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडून घेतली होती, म्हणून निभावले. दुसरी गोष्ट अशी की प्रवासमदतीचा अर्ज बऱ्याचदा वेगळा नसतो. सारांश पाठवतानाच एका चौकोनात खूण करायची असते आणि मार्गदर्शकाचे पत्र जोडायचे असते. ती खूण राहिली तर नंतर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग होत नाही. आमचीही राहिलीच होती. 27 तारखेच्या रात्री सगळे पुन्हा वाचताना ती जागा पारोळ्याचीच्या नजरेला पडली.

19 एप्रिलला दोघांचेही सारांश पोस्टरसाठी, म्हणजे काम मोठ्या छापील फलकावर मांडून समजावून सांगण्यासाठी, स्वीकारल्याचे कळले. पारोळ्याचीचा फोन आला तेव्हा ती बोलतच नव्हती, फक्त श्वास ऐकू येत होता. तिच्या आईने फोन हातात घेतला आणि अहिराणीत एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तठे आपलं कोन शे?" म्हणजे तिथे आपले कोण आहे? त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते.

पासपोर्ट दोघांकडेही नव्हता. खरे तर डिसेंबरातच अर्ज करायला हवा होता, पण निवड झाल्याशिवाय 1,500 रुपये कशाला घालवायचे, असा विचार आम्ही केला. 22 एप्रिलला ऑनलाइन अर्ज भरले, पोस्टातील पासपोर्ट केंद्रात मूळ कागद दाखवून झाले आणि गाडी पोलीस पडताळणीपाशी अडली. ते लोकसभा निवडणुकीचे दिवस होते. 13 मे रोजी जळगाव, रावेर आणि नंदुरबारचे मतदान होते, त्यामुळे सगळे पोलीस बंदोबस्तात होते. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही, पण पासपोर्ट हातात यायला जूनचा दुसरा आठवडा उजाडला. संशोधनाला नोंदणी केली त्याच महिन्यात विद्यार्थ्याने पासपोर्ट काढून ठेवावा, असे मी आता प्रत्येकाला सांगते. तो दहा वर्षे चालतो.

पासपोर्टाने आणखी एक घोळ उघडा पाडला. पारोळ्याचीची दहावीपासून एम.एस्सी.पर्यंतची सगळी प्रमाणपत्रे माहेरच्या नावाने आहेत, आधार कार्ड सासरच्या नावाने आहे आणि सारांश तिने माहेरच्या नावाने पाठवला होता, कारण तिचे आधीचे दोन शोधनिबंध त्याच नावाने छापलेले आहेत. पासपोर्ट मात्र आधारप्रमाणे सासरच्या नावाने आला. त्यामुळे परिषदेचे निमंत्रण एका नावाचे आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, अशी स्थिती झाली. आम्ही विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत काढली, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र केले आणि परिषदेच्या कार्यालयाला पत्र लिहून निमंत्रणपत्र पासपोर्टवरील नावाने, कंसात माहेरच्या नावासह, पुन्हा मागवून घेतले. त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी पाठवले. विचारायला आम्ही मात्र चार दिवस संकोच करत बसलो होतो. अशा परिषदांच्या कार्यालयांत जगभरातील मुलांचे असले प्रश्न रोज येत असतात, तेव्हा न घाबरता लिहावे.

24 मे रोजी प्रवासमदतीचा निकाल आला आणि दोघांनाही ती मिळाली. नोंदणी शुल्क माफ, शिवाय प्रवास आणि निवासासाठी प्रत्येकी 1,000 युरो. विभागात पेढे वाटले गेले. त्या रात्री मी ते पत्र शांतपणे पुन्हा वाचले तेव्हा तिसऱ्या परिच्छेदातील वाक्याने माझी झोप उडाली. ही रक्कम परिषदेला प्रत्यक्ष हजर राहिल्यानंतर, मूळ पावत्या आणि बोर्डिंग पास सादर केल्यावर बँकेत जमा होणार होती. म्हणजे तिकीट, व्हिसा, विमा, राहणे आणि जेवण, सगळे आधी आपल्या खिशातून करायचे होते. ज्याच्या घरी लाखभर रुपये शिल्लक असतात त्याला या अटीचे काही वाटत नाही. कापसावर घर चालते तिथे मात्र मे ते ऑक्टोबर हाच वर्षातील सर्वांत कोरडा काळ असतो. बियाणे, खते, फवारणी आणि मजुरी यांत सगळे जाते आणि पैसा दिसतो तो दिवाळीच्या पुढे.

म्हणून आम्ही इतर ठिकाणीही अर्ज केले. संशोधनाला निधी देणारे, पूर्वी एसईआरबी म्हणून ओळखले जाणारे केंद्र सरकारचे मंडळ 2024 मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले आहे. त्याची आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना आहे, आणि वैद्यकीय विषयांसाठी आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही, प्रवासमदत देते. या सगळ्यांना स्वीकृतीपत्र लागते आणि एकाच खर्चासाठी दोन ठिकाणांहून पैसे घेता येत नाहीत, हे अर्जात स्पष्ट लिहून द्यावे लागते. आमचे स्वीकृतीपत्र एप्रिलचे आणि पासपोर्ट जूनचा, त्यामुळे या वर्षी आम्हाला त्यातून काही मिळू शकले नाही. महाविद्यालयाने प्रत्येकी 10,000 रुपये मंजूर केले, तेही बिले सादर केल्यावर देण्याच्या अटीवर. मदतीचे हात बरेच होते, पण प्रत्येक हात प्रवासाच्या पलीकडच्या तीरावर उभा होता.

जुलै महिना व्हिसाच्या कागदांत गेला. युरोपातील बहुतेक देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो आणि जिथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून 15 दिवस आधीपर्यंत तो करता येतो. शुल्क 80 युरो होते ते 11 जून 2024 पासून 90 युरो झाले. अर्ज स्वीकारणाऱ्या व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क आणि कुरियर धरून माणशी साडेदहा हजार रुपये लागले. किमान 30,000 युरोचे संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो, तो नऊ दिवसांसाठी 1,900 रुपयांना मिळाला. याखेरीज निमंत्रणपत्र, प्रवासमदतीचे पत्र, प्राचार्यांचे ना हरकत प्रमाणपत्र, विद्यापीठाचे नोंदणीपत्र, राहण्याच्या जागेचे आरक्षण, सहा महिन्यांचे बँकेचे विवरण आणि 35 बाय 45 मिलिमीटरचे फोटो. जळगावात फोटो काढणाऱ्याला हे माप लिहूनच द्यावे, नाहीतर तो सवयीने पासपोर्टचा नेहमीचा फोटो हातात ठेवतो. विमानाचे तिकीट मात्र व्हिसा येईपर्यंत पूर्ण पैसे भरून काढू नये. प्रवासाचे आरक्षण दाखवले तरी चालते.

शहाद्याच्याच्या बाबतीत मी जी चूक केली ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. त्याच्या खात्यात जेमतेम 11,000 रुपये होते. मी त्याला सांगितले की खात्यात पैसे दिसायला हवेत, तेव्हा मामांकडून काही दिवसांसाठी घे. 29 जुलैला त्याच्या खात्यात एकदम 2 लाख रुपये जमा झाले. सोबत वडिलांच्या शेताचा सातबारा आणि आठ-अ उतारा इंग्रजीत भाषांतर करून, नोटरीकडून साक्षांकित करून जोडला. त्याला 1,800 रुपये पडले. आमच्या मते कागद भक्कम झाले होते. व्हिसाचे अर्ज तपासणाऱ्याच्या नजरेला मात्र सहा महिने रिकाम्या असलेल्या खात्यात अर्जाच्या तोंडावर आलेली मोठी रक्कम काय सांगते, याचा मी विचारच केला नाही. त्याऐवजी मामांचे खर्च उचलण्याचे हमीपत्र, त्यांचे स्वतःचे बँक विवरण, प्राप्तिकर विवरणपत्र आणि नात्याचा पुरावा जोडला असता तर ते सरळ आणि खरे झाले असते.

व्हिसा केंद्रातील भेटीची तारीख 13 ऑगस्ट मिळाली. त्या वर्षी नागपंचमी 9 ऑगस्टला होती, म्हणजे तिच्यानंतरच्या रविवारी, 11 तारखेला, खानदेशात घरोघर पुजली जाणारी देवी कानबाई बसणार आणि सोमवारी तिचे विसर्जन होणार. पारोळ्याचीच्या सासरी कानबाईचे मोठे महत्त्व आहे आणि सुनेने रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, दिवशी घरी नसणे कोणाला रुचले नसते. तिने तारीख बदलून घेऊ का, असे विचारले तेव्हा पुढची भेट थेट सप्टेंबरात होती. मग तिच्या सासूबाईंनीच सांगितले की रविवारी रोट कर, सोमवारी बाईला निरोप दे आणि रात्रीच्या गाडीने जा. ती सोमवारी संध्याकाळी हातावरची ओली मेंदी तशीच घेऊन जळगाव स्थानकावर आली. मेंदी पाहून मला वेगळीच काळजी लागली, कारण केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेतात. रात्रभर तिने हात तेलाने पुसले. ठसे तिसऱ्या प्रयत्नात उमटले. तेव्हा भेटीच्या आधी आठवडाभर बोटांच्या पेरांवर मेंदी लावू नये आणि प्रयोगशाळेत रंगद्रव्यांचे काम करणाऱ्यांनी हातमोजे चुकवू नयेत. एकदा दिलेले ठसे पुढे 59 महिने चालतात.

नियमाप्रमाणे निर्णय 15 दिवसांत व्हायचा असतो, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. 30 ऑगस्टला दोन्ही पाकिटे महाविद्यालयाच्या पत्त्यावर आली. पारोळ्याचीच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला होता. शहाद्याच्याच्या पासपोर्टात एक छापील कागद होता आणि त्यावर दोन चौकोनांत खुणा होत्या: मुक्कामाच्या उद्देशाबद्दल व परिस्थितीबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही, आणि मुदत संपण्यापूर्वी परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका आहे. त्याने तो कागद दोनदा वाचला, घडी केली आणि वहीत ठेवला. मग त्याने मला विचारले, "मॅडम, मी परत येणार नाही असं त्यांना का वाटलं?" सातपुड्याच्या पायथ्याशी ज्याचे आईवडील आहेत आणि ज्याचे अर्ध्याहून अधिक गावांतील काम अजून बाकी आहे, त्याचा हा प्रश्न मी आजही विसरू शकलेले नाही.

अपील करता येते, पण त्याला महिने लागतात. नव्याने अर्ज करायचा तर पुढची भेट 30 सप्टेंबरला होती आणि परिषद 7 ऑक्टोबरला सुरू होत होती. तो मार्ग बंद झाला होता. मी परिषदेच्या कार्यालयाला लिहिले. त्यांनी कळवले की सहलेखकाने पोस्टर लावून समजावून सांगितले तर ते कार्यक्रमात कायम राहील. प्रवासमदत मात्र हजर राहणाऱ्यालाच होती आणि ती पुढच्या परिषदेसाठी राखून ठेवण्याची सोय नव्हती. पारोळ्याची मूळ अर्जापासूनच त्याची सहलेखिका होती, कारण प्रश्नावली दोघांनी मिळून तयार केली होती. दोघे जात असतील तर एकमेकांच्या कामात खरोखर सहभाग असला तर तो असा कामी येतो.

तिकीट काढायचे ठरले त्या दिवशी, 2 सप्टेंबरला, पोळा होता. पारोळ्याचीच्या वडिलांनी फोन करून सांगितले की बैलांचा साज या वर्षी जुनाच ठेवला आहे आणि 20,000 रुपये ते देऊ शकतील. तिच्या पाठ्यवृत्तीतून साठलेले 30,000 होते. उरलेल्या रकमेसाठी मी आमच्या प्राध्यापकांच्या पतपेढीतून माझ्या नावावर 1 लाख रुपये कर्ज घेतले. अर्ज, दोन जामीनदार आणि चार दिवस, इतके सोपे ते होते. मे महिन्यातच ते केले असते तर तिकीट 64,800 रुपयांऐवजी बरेच स्वस्त पडले असते. त्या तिकिटाची पावती तिच्या नावाने असेल आणि पैसेही तिच्याच खात्यातून जातील, हे मात्र मी कटाक्षाने पाहिले, कारण प्रतिपूर्ती तिला मिळायची होती.

पोस्टर छापायचे होते तेव्हा गणपती बसलेले होते आणि गावातील प्रत्येक फ्लेक्सवाला मंडळांच्या कामात बुडालेला होता. परिषदेला हवे होते ते ए-शून्य आकाराचे, म्हणजे 84.1 बाय 118.9 सेंटिमीटर. नेहमीचा फ्लेक्स जड असतो आणि दुमडला की त्याला कायमच्या घड्या पडतात, म्हणून कापडावर छपाई करणारा शोधला. रात्री साडेनऊला आम्ही त्याच्या दुकानात उभ्या होतो. फ्युझेरियम बुरशीचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या रंगात, विळ्याच्या पात्यासारखे बाकदार दिसतात. छापून आलेल्या कापडावर ते काळपट जांभळे झाले होते आणि त्यांतील आडव्या भिंती दिसेनाशा झाल्या होत्या. छपाई करणाऱ्या मुलाने पडद्यावर चित्र मोठे करून विचारले की हे नेमके काय आहे. पारोळ्याचीने सांगितले. तो म्हणाला, "माझ्या आईच्या डाव्या डोळ्यात फूल आहे. कापूस वेचताना झालं होतं." मग त्याने हातातले मंडळाचे काम बाजूला ठेवले, हातभर लांबीच्या तीन पट्ट्या वेगवेगळ्या निळ्या छटांत छापल्या, आणि भिंती स्पष्ट दिसतील अशी छटा आम्हाला निवडायला लावली. दोन्ही पोस्टरांचे 2,900 रुपये झाले. अशी चाचणीची पट्टी आधी छापून घ्यावी, पूर्ण पोस्टर वाया जात नाही.

सामानाबद्दल थोडेसे. तिच्या आईने बांधलेल्या डब्यातून मी पेढे काढून ठेवले, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू गेले. बुरशीचे जिवंत नमुने कोणी मागितले तरी न्यायचे नाहीत, त्याला वेगळ्या परवानग्या लागतात, हेही तिला बजावले. सोबत फक्त छायाचित्रे होती. 5 ऑक्टोबरला, नवरात्रात, ती मुंबईहून निघाली. विमानतळावर नवरा होता, मी फोनवर होते.

तिकडचे पाच दिवस मी तिच्या रोजच्या फोनवरून पाहिले. तिने परिषदस्थळापासून ट्रामने वीस मिनिटांवर, स्वयंपाकघर असलेल्या वसतिगृहात खाट घेतली होती, पाच रात्रींचे 240 युरो. पहिल्या दिवशी ती कोणाशीही बोलली नाही आणि दुपारी मला म्हणाली की इथे सगळे एकमेकांना ओळखतात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रवासमदत मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी न्याहारी होती आणि प्रत्येक टेबलावर एक ज्येष्ठ संशोधक बसवलेले होते. तिच्या टेबलावर ब्राझीलची, घानाची आणि नेपाळची मुले होती. घानाच्या मुलालाही व्हिसा परिषदेच्या चार दिवस आधी मिळाला होता. ते ऐकल्यावर तिचे दडपण बरेचसे उतरले, असे ती म्हणाली. एकटेपणा घालवण्यासाठी मुद्दाम केलेली ही छोटी व्यवस्था मला 1,000 युरोंइतकीच मोलाची वाटते.

पोस्टरांचे सत्र तिथल्या साडेसहाला, म्हणजे आपल्या रात्री दहाला होते. तिचे पोस्टर आणि शहाद्याच्याचे पोस्टर शेजारी लावलेले होते. तिने फोन त्याच्या पोस्टरच्या कडेला पिनांनी अडकवून उभा केला आणि तो शहाद्याहून पांढरा शर्ट घालून समोर बसला. पहिला अर्धा तास लोक फोनकडे न पाहता पुढे जात होते. मग नेपाळमधील एक नेत्रतज्ज्ञ थांबले. त्यांनी विचारले की लोक डोळ्यात काय काय घालतात. त्याने एकेक सांगायला सुरुवात केली. बाळंतिणीचे दूध, एरंडेल, औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टिरॉइडचे थेंब, आणि जिभेने काडी काढून देणारी गावातील म्हातारी. यांतील स्टिरॉइड सर्वांत घातक, कारण ते लाली आणि दुखणे कमी करते आणि आतमध्ये बुरशीला मोकळे रान देते. नॅटामायसिनचे 5 टक्क्यांचे थेंब या आजारावर प्रभावी आहेत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील चाचणीत ते व्होरिकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधापेक्षा सरस ठरले, विशेषतः फ्युझेरियमवर, आणि 2017 पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहेत. पण रुग्ण तिथे पोहोचेपर्यंत जे दिवस जातात, त्यांचा हिशेब या मुलाच्या प्रश्नावलीत आहे. ते गृहस्थ पंचवीस मिनिटे त्या फोनसमोर उभे होते. नेपाळमधील गावांत, डोळ्याला ओरखडा पडल्याबरोबर स्वयंसेवकांकडून मलम देण्याचे जे प्रयोग झाले आहेत, त्यांतील प्रश्नावली पाठवण्याचे त्यांनी कबूल केले, आणि आठवड्याभरात ती आलीसुद्धा.

परत आल्यावरचे काम कमी समजू नये. उपस्थितीचे प्रमाणपत्र, जातानाचे आणि येतानाचे बोर्डिंग पास, वसतिगृहाची पावती, सगळे 21 ऑक्टोबरला पाठवले. येतानाच्या दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पास हरवला होता. विमान कंपनीकडून प्रवास केल्याचा दाखला मागवावा लागला, त्यात अकरा दिवस गेले. उतरल्याबरोबर बोर्डिंग पासाचा फोटो काढून ठेवावा. पुढची अडचण बँकेची होती. परदेशातून येणाऱ्या रकमेसाठी स्विफ्ट कोड लागतो आणि तिच्या अमळनेरच्या शाखेला तो नव्हता. त्याच बँकेच्या मोठ्या शाखेचा कोड वापरता येतो, हे आम्हाला तिसऱ्या फेरीत कळले. रक्कम 17 जानेवारी 2025 ला जमा झाली. 1,000 युरोंचे, मधल्या बँकांचे शुल्क वजा होऊन, 86,000 च्या आसपास रुपये आले. महाविद्यालयाचे 10,000 मार्चअखेरीस मिळाले. तिच्या एकट्या प्रवासाला, मुंबईच्या फेऱ्या धरून, एकूण 1 लाख 32 हजार रुपये लागले होते. पतपेढीच्या व्याजाचे साडेचार हजार वेगळे.

परिषद आटोपल्यावर आयोजकांनी मते मागवली होती. मी दोन पानांचे पत्र लिहिले. निवड झाल्यावर निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, आणि मदतीच्या पत्रात "परिषदेनंतर प्रतिपूर्ती" एवढेच न लिहिता या विद्यार्थ्याचा खर्च आम्ही उचलत आहोत असे स्पष्ट वाक्य घालावे, म्हणजे व्हिसाच्या खिडकीवर त्या पत्राला वजन येईल, अशी विनंती केली. पुढच्या वेळेपासून तिकीट आयोजकांकडूनच काढून देण्याचा पर्याय ठेवण्याचा विचार करू, असे उत्तर आले आहे. आमच्या पतपेढीतही मी ठराव मांडला आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी मार्गदर्शकाच्या जामिनावर सहा महिन्यांचे बिनव्याजी कर्ज देण्याला सभेने मान्यता दिली. रक्कम मर्यादित आहे, एका वर्षात दोघांना पुरेल इतकी.

शहाद्याच्याला जानेवारीपासून एका प्रकल्पात सहायकाचे काम मिळाले आहे आणि त्याच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा होते. नकाराचा तो छापील कागद पुढच्या अर्जाला जोडायचा आहे, कारण पूर्वीचा नकार लपवायचा नसतो, आणि त्यासोबत द्यायच्या खुलाशाचा मसुदा आम्ही तयार करून ठेवला आहे. फेब्रुवारीत त्याने नव्या सारांशाची मराठी प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली. यात नेपाळहून आलेल्या प्रश्नावलीतील चार प्रश्न अहिराणीत आणि पावरा आदिवासींच्या पावरी बोलीत उतरवून त्याने धडगावच्या बाजूच्या सहा पाड्यांत विचारले आहेत. पारोळ्याची शेजारी बसून त्याचे इंग्रजी करते आहे, आणि मदतीच्या अर्जाच्या चौकोनात या वेळी त्यांनी पहिल्याच दिवशी खूण केली आहे.